मिलवॉकीत दोन रात्री – ब्रुअरी, फिश फ्राय आणि सोबत सासू-सासरे. कसं जमवायचं?

तिखटमीठ_ऑरोरा – २६ मे

नमस्कार मंडळी, आम्ही शिकागोजवळ ऑरोराला असतो. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी आलेत, मूळचे रत्नागिरीचे. त्यांना घेऊन ५ ते ७ जून, गुरुवार ते शनिवार असं मिलवॉकीला जायचं ठरतंय, दोन रात्री. नायगारा, न्यूयॉर्क वगैरे मागच्या खेपेला झालंय आणि बाबा म्हणाले की यावेळी लांब नको, जवळपास पाणी असेल असं कुठेतरी चला.

आता खरा प्रश्न. मी आणि नवरा दोघंही पुण्याचे, २००९ मध्ये तिथे डूलाली ही लहान ब्रुअरी सुरू झाली तेव्हा कोरिंथियन्स क्लबला जाऊन पहिल्यांदा ताजी बिअर प्यायलो, तेव्हापासून जिथे जाऊ तिथली लहान ब्रुअरी बघायची सवय लागलीय. मिलवॉकी तर बिअरचंच शहर आणि पाच वर्षं इतक्या जवळ राहून आम्ही एकदाही गेलेलो नाही. बाबा कधीमधी एखादा ग्लास घेतात आणि मासे म्हणजे त्यांचा जीव. आईंनी मात्र माळ घातलीय, अंडंसुद्धा चालत नाही, कांदा-लसूण चालतो. मी घेते हे त्यांना माहितीये, पण त्यांच्यासमोर मी कधी घेतलेली नाही. त्या कधी काही बोलल्या नाहीत, पण त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये हे मला मनापासून वाटतं, ट्रिप त्यांचीही आहे.

तर ब्रुअरी कुठली, किती, आईंना नेता येईल का, त्यांच्या जेवणाचं काय, राहायचं कुठे, गाडी न्यावी का ट्रेन, जे सुचेल ते सांगा.

---

सरोवरकाठ – २६ मे

अकरा वर्षं इथे राहतोय त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी राहायचं. थर्ड वॉर्ड किंवा डाउनटाउनमध्येच हॉटेल घ्या, दहा-वीस डॉलर वाचवायला विमानतळाकडे जाऊ नका. थर्ड वॉर्ड म्हणजे जुन्या गोदामांचा भाग, आता तिथे दुकानं, रेस्टॉरंट्स आहेत, पब्लिक मार्केट तिथेच आहे, नदीकाठचा रिव्हरवॉक आहे आणि तळं, म्हणजे लेक मिशिगन, चालत वीस मिनिटांवर. ‘हॉप’ नावाची छोटी ट्राम स्टेशनपासून थर्ड वॉर्डमार्गे डाउनटाउनमध्ये फिरते, तिला तिकीटच नाही, फुकट आहे, म्हाताऱ्या माणसांना फार बरी पडते. थोडी वेगळी जागा हवी असेल तर जुन्या पाब्स्ट ब्रुअरीच्या इमारतीत एक हॉटेल केलंय, तिथे बिअर उकळायच्या तांब्याच्या भल्यामोठ्या किटल्या अजून जागच्या जागी आहेत. एवढा तांब्याचा ऐवज बघून माझी आई कितीतरी वेळ तिथून हललीच नव्हती. पाब्स्टने १९९६ मध्ये तो कारखाना बंद केला, पुढे बरीच वर्षं सगळा परिसर ओसाड पडलेला, मग हळूहळू वस्ती आली.

ब्रुअरीचं म्हणाल तर चौघांनी मिळून एकच करा आणि ती म्हणजे लेकफ्रंट. नावात लेक असलं तरी ती तळ्यावर नाही, नदीकाठी कॉमर्स स्ट्रीटवर आहे. क्लिश नावाच्या दोन भावांनी १९८७ मध्ये सुरू केली आणि आताची जागा म्हणजे पूर्वी ट्रामसाठी वीज बनवायचं कोळशावरचं वीजघर, त्यामुळे छत उंच, खिडक्या मोठ्या, दारूच्या गुत्त्यात शिरल्यासारखं अजिबात वाटत नाही, लग्नाच्या कार्यालयात पंगत बसलीय असं वाटतं. शुक्रवारी संध्याकाळी फिश फ्राय आणि पोल्का, म्हणजे जोडीने नाचायचं संगीत, वाजवणारा बँड असतो, आजी-आजोबा, पाळण्यातली पोरं, सगळी घरं घेऊन येतात. आईंना न्यायचं असेल तर तिथेच आणि शुक्रवारीच. टूरही करा, आधी ऑनलाइन बुक करा, न पिणाऱ्यांनाही येता येतं आणि गाइड लोक हसवून हसवून सांगतात. जुन्या काउंटी स्टेडियममध्ये बेसबॉल टीमचा बर्नी ब्रुअर नावाचा बाहुला ज्या लाकडी घरातून घसरगुंडी करायचा ते घरही तिथेच ठेवलंय.

दुसरी ब्रुअरी तुम्ही नवरा-बायकोच जा. मेनोमनी व्हॅलीत थर्ड स्पेस आहे, २०१६ ची, जुन्या कारखान्याच्या इमारतीत, बाहेर बसायला मोठी जागा. मोठ्या कंपनीची टूर हवी असेल तर मिलरची आहे, फ्रेडरिक मिलरने १८५५ मध्ये घेतलेली, डोंगरात खोदलेली तळघरं दाखवतात. फ्रिज नव्हते तेव्हा हिवाळ्यात पाण्यावरचा बर्फ कापून त्या तळघरांत भरायचे आणि उन्हाळाभर बिअर थंड ठेवायचे. हे शहर बिअरचं झालं त्यामागे जर्मन माणसं तर होतीच, पण हा बर्फही होता. शिवाय १८७१ च्या आगीत शिकागोतल्या ब्रुअऱ्या जळाल्या आणि इथल्या श्लिट्झसारख्यांना शेजारचं मोठं गिऱ्हाईक मिळालं.

तळ्याकाठी एक सकाळ नक्की. आर्ट म्युझियमच्या छतावर कालात्राव्हा या वास्तुविशारदाने केलेले उघडमीट होणारे पंख आहेत, २००१ चं बांधकाम, २१७ फूट पसरतात, म्युझियम उघडलं की उघडतात आणि दुपारी बाराला एकदा मिटून परत उघडतात. वारा जास्त असेल तर मात्र मिटूनच राहतात. बाराच्या आधी बाहेरच्या पुलावर जाऊन उभे राहा.

आणि स्वेटर. इथल्या हवामानाच्या बातमीत रोज एक वाक्य असतं, तळ्याजवळ थंड. जूनमध्ये ऑरोराला घामाच्या धारा लागलेल्या असतील आणि इथे काठावर कानटोपी आठवेल. आईंसाठी शाल गाडीत नाही, हातात ठेवा.

आईंना गोड आवडत असेल तर फ्रोझन कस्टर्ड खायला घाला, इथली खासियत.

---

दापोलीकर – २७ मे

सरोवरकाठ यांनी छान लिहिलंय पण एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. ६ जूनला शुक्रवारी निर्जला एकादशी आहे. ताई, कॅलेंडर बघा. घरात माळकरी बाई असताना बाबा एकादशीला मासे खातील का? आमच्याकडे तरी नसते खाल्ले. आणि सगळी मजा त्या शुक्रवारच्या फिश फ्रायमध्ये आहे, त्यामुळे शक्य असेल तर सरळ एक आठवडा पुढे जा.

फिश फ्रायबद्दल बाबांना आधी कल्पना द्या म्हणजे हिरमोड नको. हे आपल्या रवा लावलेल्या सुरमईसारखं नसतं, पिठात बुडवून तळलेलं असतं, भज्यासारखं, मसाला शून्य, काटे शून्य. कॉड असतो, तो समुद्रातला, आणि पर्च मिळाला तर तो गोड्या पाण्यातला, लहान आणि चवीला नाजूक. मी म्हणेन बाबांना पर्च घ्या. सोबत बटाट्याचं धिरडं, राय ब्रेड, कोलस्लॉ आणि टार्टर सॉस येतो. माझे वडील आले होते तेव्हा मी खिशात लाल तिखट आणि मिठाची पुडी नेली होती, वर लिंबू पिळून ते भुरभुरलं, तेव्हा कुठे त्यांचा चेहरा खुलला, मग स्वतःहून दुसरी प्लेट मागितली.

शुक्रवारच का, तर जर्मन आणि पोलिश कॅथलिक लोक शुक्रवारी मटण खायचे नाहीत, आणि पुढे १९२० नंतर दारूबंदीत गुत्तेवाल्यांना गिऱ्हाईक टिकवायला मासे बरे पडले. हे बाबांना सांगा, आपल्याकडे वार पाळतात तसंच हे, फक्त उलटं, त्यांना लगेच कळेल.

---

उंबरठा – २७ मे

मी आईंच्या जेवणाबद्दल लिहिते कारण माझ्या सासूबाईही माळकरी आहेत आणि मी त्यांना घेऊन विस्कॉन्सिनभर फिरलेय.

सगळ्यात आधी, फ्रोझन कस्टर्ड देऊ नका!! त्यात अंड्याचा बलक असतोच, नियमानेच असावा लागतो, १.४ टक्के तरी, त्याशिवाय त्याला कस्टर्ड म्हणताच येत नाही. आपली माणसं आइस्क्रीम समजून खायला घालतात, आणि नंतर कळलं की त्या बाईला किती वाईट वाटतं ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, पुढचे दोन दिवस त्यांनी बाहेर पाण्याशिवाय काही घेतलं नाही. चूक माझी होती, मी विचारलं नव्हतं.

तसंच तळलेले चीज कर्ड्स, म्हणजे चीजचे लहान गोळे. बाहेरचं आवरण बऱ्याच ठिकाणी बिअरमध्ये कालवलेलं असतं आणि ज्या तेलात मासे तळले त्याच तेलात तळतात. नुसते ताजे कर्ड्स, दाताखाली कुरकुर वाजणारे, ते चालतील का तर तिथेही विचारा, कारण काही चीज वासराच्या पोटातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पदार्थाने, लावतात आणि काही शाकाहारी रेनेटने, पाकिटावर मात्र बऱ्याचदा नुसतं ‘एन्झाइम्स’ लिहिलेलं असतं. बटाट्याच्या धिरड्यातही बहुतेक अंडं असतं.

मग खायचं काय? घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लोणचं न्या, हॉटेलमध्ये फ्रिज-मायक्रोवेव्ह आहे ना ते बुक करताना बघा, दहीभात होतो. पब्लिक मार्केटमध्ये फळं, सॅलड मिळतं, नॉर्थ अव्हेन्यूवर बीन्स अँड बार्ली म्हणून जुनं ठिकाण आहे तिथे शाकाहारी बरंच असतं, अंडं नको हे मात्र स्पष्ट सांगायचं. महत्त्वाचं म्हणजे आईंचं जेवण ब्रुअरीत जायच्या आधी होऊ दे. पोट भरलेलं असलं की माणूस शांत बसून बँड ऐकतो, उपाशी असलं की चारी बाजूंचा तळणीचा वास नको होतो.

आणि तुझ्या त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. मी तुझ्या जागी असते तर त्यांना आधी विचारलं असतं, नवऱ्याने नाही, तू स्वतः. आई, तिथे बिअर असते, आम्ही एखादा ग्लास घेऊ, तुम्हाला चालेल ना, का तुम्ही बाहेर नदीकाठी बसाल. त्या हो म्हणाल्या तर घे, गप्प राहिल्या तर त्या टेबलवर घेऊ नको, दुसऱ्या ठिकाणी तुम्ही दोघं जाणारच आहात. लपून घेऊ नको एवढंच. माझ्या सासूबाईंना माझ्या पिण्याचं काही वाटलं नव्हतं, लपवलं होतं त्याचं वाटलं होतं.

---

यीस्टवाला – २८ मे

मॅडिसनला असतो, घरी बिअर बनवतो, त्यामुळे ग्लासातल्या गोष्टींबद्दल बोलतो.

पुण्यात आपल्याला गव्हाच्या बिअरची सवय, ती केळं-लवंगेसारखी वासाची, तो वास यीस्टमधून येतो, कुणी केळं घालत नाही. मिलवॉकीत जाऊन तेच शोधू नका आणि नुसत्या आयपीएच्या, म्हणजे कडवट बिअरच्या, मागेही लागू नका, त्या सगळीकडे मिळतात. इथे लागर प्या. लागर म्हणजे थंडीत सावकाश आंबवायची आणि मग आठवडेच्या आठवडे गार ठेवून मुरू द्यायची, जर्मनमध्ये त्या शब्दाचा अर्थच साठवणं. लहान ब्रुअरीवाल्याला हे महागात पडतं कारण टाकी तेवढे दिवस अडकून राहते, त्यामुळे जो मनापासून लागर करतो त्याच्याबद्दल मला आदर वाटतो. शिवाय त्यात चूक लपत नाही, हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा, मारा करून झाकता येत नाही. लेकफ्रंटची रिव्हरवेस्ट स्टाइन घ्या, तांबूस, भाजलेल्या पावाच्या कडेसारखी चव. बाबांनाही तीच द्या, कडू नाही. कुणाला ग्लुटेन चालत नसेल तर त्यांची न्यू ग्रिस्ट आहे, ज्वारी आणि तांदळाची. ज्वारीची बिअर म्हटल्यावर बाबा नक्की चव बघतील.

फ्लाइट, म्हणजे चवीसाठी लहान ग्लासांचा संच, घेणार असाल तर हिशोब लक्षात ठेवा. पाच-पाच औंसाचे चार ग्लास म्हणजे वीस औंस, म्हणजे एका पाइंटपेक्षा जास्त, आणि सरासरी ६ टक्के धरली तरी ते दोन पूर्ण ड्रिंक झाले. दिसायला लहान ग्लास असतात त्यामुळे लोक म्हणतात नुसती चव घेतली. चव घेताना फिक्याकडून गडदकडे जा आणि मध्ये पाणी प्या. दिवसाला दोन ब्रुअऱ्या पुरे, तिसरीत जीभ काही सांगत नाही.

परत जाताना न्यू ग्लॅरसची स्पॉटेड काऊ दुकानातून घेऊन जा. ती ब्रुअरी फक्त विस्कॉन्सिनमध्येच विकते, इलिनॉयमध्ये तुम्हाला मिळणार नाही.

---

तिखटमीठ_ऑरोरा – २८ मे

बापरे किती मनापासून लिहिलंय सगळ्यांनी. दापोलीकर, एकादशीचं खरंच लक्षात नव्हतं, आईंना विचारलं तर त्या म्हणाल्या मला माहिती होतं पण तुमचं बुकिंग झालं असेल म्हणून बोलले नाही. ऐकून कसंतरीच झालं. तारीख बदलली, आता १२ ते १४ जून.

उंबरठा, तू म्हणालीस तसं विचारणार आहे, धीर गोळा करतेय. गाडीचं कुणी सांगाल का? आणि रूट बिअर आईंना चालेल का, त्यात दारू नसते ना?

---

परतीचं_तिकीट – २९ मे

गाडी हॉटेलला लावून ठेवा आणि संध्याकाळी उबरनेच फिरा, यात तडजोड नको. तुम्ही व्हिसावर असाल तर जास्तच. दारू पिऊन गाडी चालवताना नुसती अटक झाली, अजून कोर्टात काही सिद्धही झालेलं नाही, तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. इथे राहणं लगेच बेकायदा होत नाही पण एकदा भारतात गेलात की नवीन स्टॅम्प घ्यावा लागतो, वर डॉक्टरी तपासणी. माझ्या अगदी जवळच्या मित्राचं हे झालंय, वडील आजारी असताना तो जाऊ की नको करत राहिला, आणि गेला तेव्हा उशीर झाला होता. म्हणून इतकं कळकळीने लिहितोय.

दुसरं, बाबांचा पासपोर्ट सोबत ठेवा, मूळ. माझ्या सासऱ्यांना एका टॅपरूममध्ये, म्हणजे ब्रुअरीच्या बिअर प्यायच्या खोलीत, अडुसष्टाव्या वर्षी वयाचा पुरावा मागितला, मोबाइलमधला फोटो आणि आपलं लायसन्स दोन्ही चाललं नाही, बिचारे सगळ्यांच्या मध्ये बसून पाणी पीत होते.

ट्रेनही छान आहे, शिकागो युनियन स्टेशनवरून हायवाथा दीड तासात पोचवते, पण ऑरोराहून आधी शिकागोला जाणं आलं, आईबाबांसोबत मी गाडीच नेली असती.

---

सरोवरकाठ – २९ मे

कस्टर्डबद्दल चुकलो, उंबरठा यांचे आभार. अकरा वर्षांत कधी विचारच केला नव्हता.

रूट बिअर नक्की चालेल, ते नुसतं गोड सोड्यासारखं पेय, दारू अजिबात नसते. स्प्रेकरची घ्या, ती ब्रुअरी १९८५ ची, इथलीच, आता शेजारी ग्लेनडेलला आहे, रूट बिअरमध्ये विस्कॉन्सिनचा मध घालतात. फक्त त्या चवीची आपल्या लोकांना सवय नसते, पहिल्या घोटाला आयोडेक्सची आठवण येते, तेव्हा एकच बाटली घेऊन सगळ्यांनी चव बघा.

आणि आईंना सकाळी चहा-कॉफी हवी असेल तर तळ्याजवळ कोलेक्टिव्होचं एक दुकान आहे, १८८८ च्या पंपघरात. नदीला घाण वास यायचा म्हणून तळ्याचं पाणी नदीत सोडून ती धुवायचे, त्यासाठीचा तो पंप. बाहेर झाडाखाली बसायला जागा आहे.

---

तिखटमीठ_ऑरोरा – १७ जून

जाऊन आलो! राहवत नाही म्हणून लिहितेय.

निघायच्या आदल्या रात्री भांडी आवरताना मी आईंना विचारलं, उंबरठा, शब्दशः तू सांगितलंस तसंच. त्या म्हणाल्या, अगं आमच्या वाड्यात ताडी उतरवायचे, मी काय बाटली बघितली नाही का, तू घे, फक्त माझ्या पाण्याचा पेला वेगळा ठेव. मला डोळ्यांत पाणी आलं, तेवढंच.

शुक्रवारी साडेचारलाच लेकफ्रंटला पोचलो म्हणून नदीकडचं टेबल मिळालं, सहानंतर पाय ठेवायला जागा नव्हती. आई हॉटेलवर दहीभात-लोणचं जेवून आलेल्या. बाबांना पर्च, वर तिखट-मिठाची पुडी, रिव्हरवेस्ट स्टाइनचा एक ग्लास. ज्वारीची पण चव बघितली, म्हणाले भाकरी बरी. मासा आवडला, पण पुन्हा पुन्हा म्हणत होते की काटा नाही तर मासा खाल्ल्यासारखं वाटत नाही. पासपोर्ट मागितला हो खरंच, बरं झालं नेला.

बँड सुरू झाला तेव्हा नव्वदीच्या घरातलं एक जोडपं उठून नाचायला लागलं, आजोबांच्या हातात काठी, आजींनी त्यांना कमरेला धरलेलं. आई त्यांच्याकडे एकटक बघत होत्या आणि टेबलवर बोटांनी ठेका धरला होता, टाळ वाजवतात तसा. मला वाटलं होतं अर्ध्या तासात निघू म्हणतील, आम्ही अडीच तास बसलो.

पंख मात्र बघायला मिळाले नाहीत, वारा होता. पण त्यामुळेच आम्ही तळ्याकाठी जास्त वेळ बसलो, शाल हातात होती ते बरं झालं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा येतात, आणि वास कसलाच नाही, भरती पण नाही म्हणतोस. ते चपला काढून पाण्यात घोट्यापर्यंत उतरले, ओंजळीत घेऊन चव बघितली आणि आईंना हाक मारली, अगं इकडे ये, गोडं आहे.

आम्ही दोघं शनिवारी दुपारी थर्ड स्पेसला तासभर जाऊन आलो, आई-बाबा तोवर पब्लिक मार्केटमध्ये बसले होते. रूट बिअर आईंनी एक घोट घेतली आणि बाटली बाबांकडे सरकवली. स्पॉटेड काऊचे सहा आणले, फ्रिजमध्ये आहेत, खालच्या कप्प्यात, आईंचं दही वरच्या कप्प्यात.